आडव्या रेषेखालचं गाव

सारोळे, उतरायचं नसताना

भोरला जायला पुण्याहून थेट गाडी आहे. ती आमच्या डोळ्यांदेखत गेली, म्हणून आम्ही साताऱ्याच्या गाडीत बसलो. कापूरहोळला उतरून गाडी बदलायची, एवढंच काम होतं आणि ते मी माझ्याकडे घेतलं होतं. पण मी खिडकीशी बसून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली होती आणि तीतून प्रदेश न्याहाळत होतो. चौकटीत शिवरे आलं आणि गेलं. कापूरहोळही आलं असणार. नीरेचा पूल दिसायला लागला तेव्हा कंडक्टरनं माझ्या चौकटीत तोंड घातलं आणि विचारलं, "तिकीट कुठवरचं काढलंय?"

सारोळ्याला उतरवलेली आमची वरात अशी होती. कॅमेरा छातीशी धरलेला रशीद, तिपाई खांद्यावर घेतलेला दिनू आणि रिकाम्या हातांचा मी. मी दिग्दर्शक होतो.

हे काय प्रकरण होतं ते सांगतो. पुण्यात आमचं सिनेमे पाहणाऱ्यांचं एक मंडळ आहे. तिथे अधूनमधून परदेशातले, कुणा स्टुडिओच्या आधाराशिवाय चारदोन मित्रांनी मिळून काढलेले सिनेमे येतात. त्यांतली तरुण मुलं काहीच करत नाहीत. पुलाच्या कठड्याला टेकतात, सिगरेट पेटवतात, आणि कुठं जायचं ते ठरेपर्यंत संध्याकाळ होते. असे सहासात सिनेमे पाहिल्यावर मला वाटलं, एवढं तर आपल्यालाही येईल. काही न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, बी.ए. होऊन तिसरं वर्ष चालू आहे.

रशीद कॅम्पातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो काढतो. त्यानं चावीचा जुना कॅमेरा आणि मुदत उलटलेली फिल्म मिळवली. ही चावी अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, त्यामुळे आमच्या नायकाचा कंटाळाही तेवढाच टिकणार होता. नायक दिनू. तो विम्याच्या कचेरीत कारकून आहे आणि साठवलेली सगळी रजा टाकून आला होता. आमच्या तिघांत पक्की नोकरी असलेला तो एकटाच, आणि निरुद्योगी तरुणाचं काम त्यालाच दिलेलं. त्याला रिकामं बसताच येत नाही. कंटाळल्याचा अभिनय कर म्हटलं की तो शेजारच्या चिंचा सोलायला घेतो.

भोर

रशीदचं घर भोरच्या बाजारात आहे. खाली वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर राहतं घर. त्याच्या आईनं मटणाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी वाढल्या. मी पाचवीला नको म्हणालो ते नुसतं म्हणण्यापुरतं, हे त्यांनी ओळखलं.

जेवताना वडिलांनी विचारलं, "सिनेमाची गोष्ट काय आहे?"

"गोष्ट नाही, अब्बा," रशीद म्हणाला.

"मग?"

"मुलगा असतो. बसलेला असतो."

त्यांनी दिनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग कॅमेरा कशाला नेताय उगीच? नुसतंच जाऊन या की."

मी हसलो. पण मला पद्धतशीर काम करायचं होतं. भोरच्या बाजारात मी चुन्याचं एक पोतं आणि लाकडी खुंट्या घेतल्या, आणि रशीदच्या शेजारच्या गवंड्याकडून पातळी बघायची पाणसळ मागून घेतली. हे सामान कशाला, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

कॅमेऱ्यातलं चित्र स्पष्ट यायला भिंगापासून माणसापर्यंतचं अंतर टेपनं मोजावं लागतं. माणूस परत त्याच जागी उभा राहावा म्हणून तिथे खूण करतात. तेवढ्यापुरती खुंटी पुरते. चुना आणि पाणसळ ही माझी प्रतिभा. सिनेमातलं मुख्य दृश्य असं होतं की नायक डोंगराच्या कुशीतून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो, अगदी आडवा. त्याच्या आयुष्यात चढ नाही, उतार नाही. तर त्याच्या वाटेतही असता कामा नये. म्हणून डोंगरावर पाणसळीनं तपासून चुन्याची आडवी रेषा आखायची. हे मी दिनूला भोरच्या नदीकाठी समजावलं तेव्हा माझे स्वतःचेच डोळे भरून आले होते.

वेल्ह्याच्या खोऱ्यात

दुसऱ्या दिवशी उलटे नसरापूरला आलो आणि वेल्ह्याची गाडी धरली. मार्गासनीच्या पुढे डोंगर जवळ यायला लागतात आणि तोरणा कधी डाव्या हाताला, कधी समोर असा लपंडाव खेळतो. ज्या गावी उतरलो त्याचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळे त्याला एकदा झाला तेवढा त्रास पुरे. चाळीसेक घरं, तिन्ही बाजूंनी डोंगर, मधून उन्हाळ्यातली बारीक नदी, आणि दोन डोंगर जिथे एकमेकांजवळ येतात तिथून नदी बाहेर पडते. "परातीसारखं आहे रे," मी खूश होऊन म्हणालो. परातीत काय भरतात, हा विचार मला शिवला नाही.

पोलीस पाटलांनी शाळा उघडून दिली, सुटीच होती. "काय काम काढलंय, साहेब?" त्यांनी विचारलं.

आता सिनेमा म्हणावं तर पुण्यातला अनुभव ताजा होता. नदीकाठी एक दृश्य घ्यायला गेलो तर शंभर माणसं कॅमेऱ्यात बघत उभी राहिली होती. म्हणून मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "जरा मोजमाप आहे. आत्ताच कुठे बोलू नका."

पाटलांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

तीन दिवस आम्ही कामाला भिडलो. रशीद टेप धरून ओरडायचा, "साडेअठरा फूट," आणि मी वहीत लिहायचो. खुंट्या ठोकल्या. पाणसळ ठेवून, एक डोळा मिटून, गावाच्या वरच्या अंगाला डोंगरभर पांढरी रेषा ओढली. खडकावर चुन्याचे फराटे, झुडपांवर चुन्याचे शिंतोडे. दिनूला चुनाच आवडला, कारण ते काम होतं.

आणि गावानं आमचं काय कौतुक करावं. कुळथाची पिठी आणि भात, नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, दुपारी करवंदं. आमच्याकडे पाहुणा तिसऱ्या दिवशी घरचा होतो, म्हणजे त्याच्या हातात दळणाचा डबा देतात. इथे तिसऱ्या दिवशी कोंबडी कापली. एक म्हातारबाबा येऊन म्हणाले, "साहेब, माजी तीन जांबळं हायती आन् एक फणस. तेवडं लिवून घ्या." मी त्यांच्यासमोर वहीत लिहिलं, तीन जांभळी, एक फणस, आणि रात्री रशीदला म्हणालो की झाडांवर इतकं प्रेम करणारी माणसं आता शहरात उरली नाहीत.

"तुला काही विचित्र वाटत नाही?" रशीद म्हणाला.

"काय?"

"आपल्याकडे कुणी हसत नाहीये."

मी म्हणालो, ती गंभीर वृत्तीची माणसं आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी रेषेवरून खाली गावाकडे पाहिलं आणि मला हर्षवायू व्हायची वेळ आली. ओढ्याजवळच्या एका घराचं अर्धं छप्पर उतरलेलं होतं. कौलं गेलेली, वासे उघडे, आणि वाशांतून आत भिंतीवर उन्हाचे पट्टे पडलेले. असा देखावा बांधायला स्टुडिओवाल्यांना आठवडा लागला असता. आम्ही धावतच खाली गेलो.

घर सोपान नावाच्या माणसाचं होतं. पस्तिशीचा, काटक. तो छपरावर बसून नळीची कौलं खाली देत होता आणि त्याची बायको, हौसा, ती अंगणात रचत होती. ओट्यावर त्याची आई बसली होती. गाव तिला साळूआजी म्हणतं.

"आम्ही इथे थोडं काम केलं तर चालेल?" मी विचारलं.

"आता काय इचारायचं, साहेब," सोपान म्हणाला. "करा."

मी दिनूला उघड्या वाशांखाली बसवलं. उन्हाचा पट्टा बरोबर त्याच्या चेहऱ्यावर आला. वर सोपान कौलं काढत होता, म्हणजे मागे हालचालही आयती. फक्त तो फार भराभर काढत होता.

"जरा सावकाश काढा," मी सांगितलं.

तो सावकाश काढू लागला.

"कॅमेऱ्याकडे बघू नका."

त्यानं मान वळवली. अर्ध्या मिनिटाच्या आत चावी संपली. रशीदनं ती भरली. मधल्या वेळात चार कौलं निघाली होती आणि पट्टा दिनूच्या कानावर सरकला होता.

"ती चार परत ठेवा," मी म्हणालो, "आणि पुन्हा काढा."

सोपाननं हात खाली केला. मग हौसानं खालून एकेक कौल वर दिलं आणि त्यानं ते पुन्हा लावलं. मी हात वर केला. त्यानं ते पुन्हा काढलं. असं आम्ही तीनदा केलं. तीनदा त्या माणसानं माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या घराचं छप्पर उतरवलं. हे लिहिताना माझे कान तापतात, पण लिहायला हवं.

काम झालं, मी पाणी मागून प्यालो, आणि बोलायचं म्हणून म्हणालो, "काय, नवीन बांधताय वाटतं?"

"नवीन कुठं?" तो वरूनच म्हणाला. "त्ये तुमीच सांगायचं. कुठं देनार जागा?"

"कसली जागा?"

"घराची. रेघंच्या खाली हाय न्हवं आमी."

मी डोंगराकडे पाहिलं. तीन दिवस मी ती रेषा जवळून पाहत होतो, नाहीतर भिंगातून. गावाच्या अंगणातून पहिल्यांदाच पाहिली. एका डोंगरापासून दुसऱ्यापर्यंत पांढरी, सरळ, पाण्याच्या पातळीसारखी आडवी. घरं, परडी, विहीर, शाळा सगळी तिच्या खाली. मी कौलांच्या राशीवर बसलो. दोन फुटली.

आता कोंबडी समजली, आणि भरपाईसाठी लिहवून घेतलेली जांभळी आणि फणसही.

"हे धरणाचं नाही हो," मी म्हणालो. "आम्ही सरकारी नाही. सिनेमा आहे हा."

हौसाचे हात थांबले. सोपान मात्र खाली उतरला नाही. साळूआजी पहिल्यांदाच बोलली. "माजं माहेर धरनात गेलं. तवा मी धाकली व्हते. आदी दोन पोरं आली. तुमच्यावानीच. चुना, खुट्या. माजा बा इचारायचा, काय हो साहेब. तर म्हनायचे, काय न्हाई, काय न्हाई, मोजमाप हाय. त्यानं इस्वास ठेवला. पानी आलं तवा लाकूडबी काडता न्हाई आलं. तुळया तरंगल्या." तिनं सुपारी तोंडात टाकली. "सोपानला म्या सांगितलं, चुना दिसला की लाकूड काड."

मी तिच्या मुलाला विनवलं, थांबा, एक दिवस थांबा. तो म्हणाला, भोंगवलीला मेव्हण्याकडं निरोप गेलाय, उद्या त्याची बैलगाडी येईल. वासे, खांब, आढं सगळं तिकडं नेऊन टाकायचं, बायकोपोरं तिकडं ठेवायची. या घराचं लाकूड त्यानं चार उन्हाळे डोंगरावरून पाठीवर आणलं होतं. पावसाला महिना उरला होता. एकदा आढं उतरवून खांब उपटले की यंदा ते घर पुन्हा उभं राहणार नव्हतं. आणि शेजारच्या दोन घरांवरही माणसं चढायच्या बेतात होती.

"पण मी खरं सांगतोय," मी म्हणालो.

"तुमी तवा मोजमाप म्हनला. आता शिनेमा म्हनता," सोपान शांतपणे म्हणाला. "उद्या काय म्हनाल?"

खोटं मीच बोललो होतो.

शाळेपुढच्या चिंचेखाली

दुपारी पाटलांनी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं. सिनेमा असेल तर त्याची गोष्ट सांगा, म्हणाले. हे त्यांना सुचवलं होतं रशीदनं, आणि सांगायला मात्र मला उभं केलं. साठसत्तर माणसं समोर बसली होती. मंडळात मी या सिनेमावर पाऊण तास बोललो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"एक तरुण असतो," मी सुरुवात केली.

"बरं."

"तो बसलेला असतो."

"कुठं?"

"कुठंही. मग तो उठतो."

"कशापायी?" पाटील म्हणाले.

"तसं कारण नाही."

"लगीन झालंय का?" मागून एका बाईनं विचारलं.

"नाही."

"करून द्या, मंग बगा कसा उठतोय," दुसरी म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"मग तो चालतो," मी म्हणालो. "त्या रेषेवरून. रेषा त्यासाठी आहे. चढ नको आणि उतार नको म्हणून."

"आन् मंग?"

"मग परत बसतो."

"शेती?"

"नाही."

"नोकरी?"

"नाही."

"कुनी मारतं का त्याला?" एका माणसानं आशेनं विचारलं.

"नाही. संपतो तिथे सिनेमा."

मी दिनूला म्हणालो, करून दाखव. दिनू उठला आणि एका दगडावर जाऊन बसला, नदीकडे बघत. सत्तर माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याच्या बोटांना चैन पडेना. त्यानं हळूच खाली पडलेली चिंच उचलली आणि सोलायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

साळूआजी काठी टेकत पुढे आली. तिनं दिनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं.

"ह्यासाटी डोंगूर रंगवला?"

"हो."

"पगार किती हाय?"

"पगार नाही, आजी. आमच्याच खिशातून केलंय."

"आयबापाला ठावं हाय?"

"माझ्या वडिलांना नाही."

ती गावाकडे वळली. "सरकार न्हाई ह्ये," ती म्हणाली. "सरकार एवडं येडं न्हाई."

तोपर्यंत मला 'साहेब' म्हणायचे. त्यानंतर मी 'पोरा' झालो, आणि ते मला फार आवडलं. पण सोपान अजून उभाच होता. तो म्हणाला, "आसंल. पर सरकारी मानूस सोताची खून सोता पुसत न्हाई. तुमी पुसा, मंग बैलगाडी म्या परत लावतो."

डोंगरावर, पुन्हा

खडकावरचा चुना वाळल्यावर निघत नाही, हे ज्यांनी कधी तो काढला नसेल त्यांना सांगून ठेवतो. नदीवरून हंडे भरून आणायचे, ओल्या पोत्यानं घासायचं, उरलं ते दगडानं खरवडायचं. दुपारपासून अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं त्या रेषेवरून गुडघ्यांवर सरकत होतो. चढ नव्हता, उतार नव्हता. दिनू खुशीत होता. माझ्या तळहातांची साल अजून आलेली नाही, आणि या आठवड्यात मंडळात सगळ्यांशी हात जोडूनच बोललो.

खालून भोंगवलीची बैलगाडी आलेली दिसली. ती सोपानच्या अंगणात थांबली. मी घासायचा थांबलो. सोपान बाहेर आला, डोंगराकडे हात करून मेव्हण्याशी बराच वेळ बोलला. आम्ही नेमके त्यांच्या डोक्यावर होतो, पण ऐकू काही येत नव्हतं. मग मेव्हण्यानं बैल सोडले आणि सावलीला बांधले, आणि दोघं शिडी लावून वर चढले. वर चढले म्हणजे काय, हे दोन्ही अर्थांनी असू शकत होतं. रशीदनं कॅमेऱ्यातून पाहिलं. "कौलं लावतायत," तो म्हणाला. "काढत नाहीयेत."

मी पोतं तसंच टाकून खाली पळालो.

छप्पर चढवायला आम्ही लागलो म्हणण्यापेक्षा आडवे आलो म्हणणं खरं. पहिल्या तासात मी सात कौलं फोडली. मेव्हणा म्हणाला, "पाव्हनं, तुमी शिनेमातल्यावानी बसा की." मग मला फक्त वासे पोहोचवायचं काम मिळालं. थोडे आधीच उतरलेले होते. ते परत चढत होते.

एक वासा मी उचलला तेव्हा सोपान वरून म्हणाला, "थांबा. आदी त्येच्यावर आकडा घाला."

हौसानं गेरूची वाटी आणि काडीला गुंडाळलेली चिंधी माझ्या हातात दिली.

"आकडा कशाला?" मी विचारलं. "चढतोयच की तो आता."

"चढू द्या. पर पुन्यांदा उतरवाया लागलं तर कुठला कुठं बसत व्हता ते हुडकाया नगं. ह्या वक्ताला दोन तास गेलं त्यात."

"पुन्हा कशाला उतरवाल? आम्ही रेषा पुसली की. कुणी येणार नाही आता."

"तुमी न्हाई येनार," सोपान म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. ऊन आहे, पाणी आण, असं म्हणावं तसं तो म्हणाला. मी ओट्यावरच्या साळूआजीकडे पाहिलं, तिनं हसून थट्टेवारी न्यावं म्हणून. ती गेरूच्या वाटीकडे बघत होती. "मोटा काड आकडा," ती म्हणाली. "त्येला रातचं बारीक दिसत न्हाई."

मी वाकून पहिल्या वाशावर एक लिहिलं. मग दोन, मग तीन. न उतरवलेल्या वाशांवरही सोपाननं मला वर चढवून आकडे घालायला लावले, मग तुळयांवर, खांबांवर, शेवटी आढ्यावर. घर पुन्हा उभं राहिलं, आणि पुन्हा उतरवायला तयारही झालं, माझ्या अक्षरात. आढ्यावर माझं कोपर वाशाला लागलं आणि आकडा फिसकटला. मी चिंधीनं तो पुसायला गेलो, तर तो सहज पुसला गेला.

सोपाननं माझ्या हातातून वाटी घेतली, तीत तेल ओतलं, बोटानं ढवळलं आणि परत दिली.

"आता घाला," तो म्हणाला. "पावसानं बी जाया नगं."